थंड डोक्याची वहिनी

एस्केप रूमच्या, म्हणजे किल्ल्या शोधून बंद खोलीतून बाहेर पडायच्या खेळाआधी आठवडाभर ताईने घरच्यांना पोपटासारखं पढवलं होतं. धाकट्या भावाने कपाटं उपसायची, त्याच्या बायकोने चिठ्ठ्या वाचायच्या आणि सापडेल ती किल्ली वहिनीकडे द्यायची. "दादा गेला तरी वहिनी डगमगली नाही. कुलपं उघडायला असंच थंड डोकं हवं," ताई म्हणाली. वहिनी 'बरं' म्हणाली. हल्ली ती सगळ्यालाच 'बरं' म्हणायची. काउंटरवरच्या मुलीने बजावलं, "स्वतःच्या किल्ल्या बाहेर ठेवा, आत गोंधळ होतो." दार बाहेरून बंद झालं. भावाने खोली पालथी घातली, एकेक किल्ली वहिनीच्या हातात पडत गेली, पण कुलूप एकही उघडेना. "वहिनी, अगं काय करतेयस?" ताई वाकली. सापडलेल्या किल्ल्या वहिनीच्या मांडीवर तशाच पडल्या होत्या. दादाच्या, अपघातानंतर भंगारात गेलेल्या स्कूटरची किल्ली ती कुलपाला लावत होती. "लागत नाहीये गं, ताई."