न सोडलेला बुचडा

निजामाचं राज्य गेलं, पण भूमजवळच्या वस्तीवर दळणपाणी आणि खुरपणातून कडूबाईला वेणीफणीपुरती सवड काही मिळाली नाही. विंचरलं की केस तुटायचे, म्हणून तिनं बुचडा सोडणंच बंद केलं. वरूनच तेलाचं बोट फिरवायचं आणि कामाला लागायचं.

नवरात्राआधी डोक्यावरून न्हायचं म्हणून सासूनं बुचडा सोडायला लावला, तर तो सुटेना. सासूनं ओढून पाहिलं आणि चटकन हात जोडले.

"तुळजापूरच्या आईची जट हाय ही. आता कामाला हात लावू नगं. बस पाटावर."

'आवो आत्या, नुसता गुंता हाय,' हे कडूबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं.


पण ह्या घरात आल्यापासून तिला पहिल्यांदाच कुणीतरी बस म्हणालं होतं. ती बसली.