सतराव्या पानापासून

आज बाजारात आलेल्या सुपरहिरो कॉमिकवरचं माझं मत उद्या पेपरात छापून येणार होतं. त्याचा कागद मी चित्रकार बाईंच्या टेबलावर आपटला.

"सतराव्या पानापासून चित्रं तुमची नाहीत. वाचकांच्या डोळ्यांत धूळ फेकताय!"

"कशावरून?"

"सावलीच्या रेघांवरून. वीस वर्षं तुमच्या रेघा उजवीकडे झुकतायत. इथे सगळ्या डावीकडे. कुणीतरी डावखुरा आहे, आणि त्याचा हातही कच्चा आहे. नाव सांगा, नाहीतर हे असंच छापतो."

दारातला त्यांचा नवरा तावातावानं पुढे आला. बाईंनी त्याला नजरेनंच गप्प केलं. मग डाव्या हातात पेन्सिल धरून त्या कोऱ्या कागदावर नायकाचा चेहरा काढू लागल्या. कागद घसरू नये म्हणून तो नवऱ्यानं दाबून धरला. त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून होता.

मी माझा कागद उचलायला गेलो. त्यांनी त्यावर पेन्सिल टेकवली.

"राहू दे. खुशाल छापा. फक्त एक ओळ वाढवा. नवा आहे, शिकतोय."