भंडाऱ्याची शपथ

हैबतरावांचं रक्त गालिच्यात मुरत होतं आणि दिवाणजी शेजारीच सुपारी कातरत बसले होते. सिदोजीची बोटं अजून पिवळी होती. दिवाणजींनी दिलेला खंडोबाचा भंडारा उचलून, “जिवाला धक्का लागणार नाही,” असं त्यानंच सकाळी हैबतरावांना सांगितलं होतं. त्या भरवशावर ते तलवार बाहेर ठेवून दरबारात आले होते.

“देवाची शपथ मोडलीत, दिवाणजी.”

“कसली शपथ? मुदपाकखान्यातली हळद होती ती. जा, हात धू आणि पंगतीला बस.”

सिदोजीनं तलवार उपसली तसा दिवाणजींच्या हातून अडकित्ता गळाला.

“सिदोजीराव! गादीशी इमान राखायची शपथ घेतलीय तुम्ही. मीच दिला होता भंडारा तुमच्या हातात!”

“तुम्हीच ना? मग तीही हळदच असणार,” सिदोजी म्हणाला.