कोटावरचे पतंग

खुंटीवरच्या पांढऱ्या कोटावर आजही पतंग येऊन बसले होते. काही खिशावर, एक बाहीच्या टोकाशी.

"आणि शेताच्या अलीकडच्या कडेचे सापळे रिकामेच, मॅडम," मदतनीस म्हणाले. या प्रयोगशाळेतच त्यांचे केस पिकले होते. बोलताना ते कोटाकडे बघत नव्हते.

बाईंना कारण ठाऊक होतं. सापळ्यात रबराची छोटी गोळी असते, तिला मादी पतंगाचा वास दिलेला असतो. त्या वासावर नर येतात आणि अडकतात. किती अडकले त्यावरून कपाशीवर फवारायचं की थांबायचं, ते ठरतं. गोळी उघड्या हाताने धरायची नाही, वास हाताला लागतो, हा पहिला धडा. बाईंचे यजमान तो सगळ्यांना शिकवायचे आणि स्वतः गोळ्या याच कोटाच्या खिशात टाकून शेतात जायचे. हातमोज्यांवरून दोघांचं रोज वाजायचं. पेरणीच्या सुमारास ते गेले. प्रयोग त्यांचाच, बाई तो पुढे चालवत होत्या. कोट कोणी हलवला नव्हता.

दारात प्रशिक्षणाला आलेल्या शेतकरी बायका उभ्या होत्या. तुकडी नवी, यजमान गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं.

"कोणाचा हो हा कोट?" एकीने विचारलं. "आमच्या ह्यांच्या कपड्यांवर तर माशीसुद्धा बसत नाही."

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. कुठे हसायचं ते त्यांच्या अजून लक्षात होतं.

बाईंनी कोटाला लागलेल्या मादीच्या वासाचं सांगितलं. दुसरीला ते खरंच समजून घ्यायचं होतं. तिथे मादी नाही, हे या पतंगांना कळत कसं नाही?

"त्यांना वास तेवढा कळतो," बाई म्हणाल्या. "ती आहे की नाही, ते नाही कळत."

मदतनिसांनी बायकांना शेताकडे पिटाळलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, की कोट इथे राहिला तर नोंदी चुकत जातील आणि सरांचा अख्खा हंगाम वाया जाईल. सोड्याच्या पाण्याची बादली त्यांनी आधीच भरून ठेवली होती.

"मी धुतो. तुम्ही थांबू नका."

"चालेल," बाई म्हणाल्या.

त्यांनी पतंग एकेक करून झटकले, कोट काढला, घडी घातली. बादलीपाशी जराशा थांबल्या. मग कपाटातून गोळ्यांची मोठी चंदेरी पिशवी काढली, कोट आत सरकवला, दाबून हवा काढली, तोंड चिकटवलं आणि पिशवी फ्रीजरमध्ये ठेवली. गोळ्याही तिथेच ठेवतात. थंडीत वास उडत नाही.

मदतनिसांनी बादली मोरीत ओतली.

बाहेर अंधारून आलं होतं. बायका पहिल्या सापळ्याभोवती गोळा झाल्या होत्या. "गोळी कधीही उघड्या हाताने धरायची नाही," बाईंनी सुरुवात केली.

कपाशीतून एक पतंग उठला, त्यांच्या मनगटाभोवती फिरला आणि बोटांवर बसला. बाईंनी तो हात हलवला नाही. दुसऱ्या हाताने त्या सापळा दाखवत राहिल्या.