ह चा ड्रॉवर

"ट्रक रस्ता चुकला असन, असं आमाले वाटलं," सोमाजी म्हणाला. "फोन बिझीच दाखवते तुमचा. म्हणून पाहाले आलो."

नाटक कंपनीच्या वडशाच्या ऑफिसात केवळराम मॅनेजर खुर्चीत बसला होता, तो आणखी खोल बसला. समोर हिवरटोल्याच्या नाट्यमंडळाचा म्हातारा अध्यक्ष सोमाजी, गळ्यात नवा दुपट्टा. त्याला मोटारसायकलवर घेऊन आलेला प्रफुल दारात उभा. आज रात्री हिवरटोल्यात नाटक होतं. चार वाजले तरी स्टेजचा ट्रक गावात पोचला नव्हता.

ट्रक चुकला नव्हता. तो आंबेटोल्यात होता. आज रात्री नाटक आंबेटोल्यातही होतं. कंपनी एकच होती.

याला कारण सुधारणा. गेल्या हंगामापर्यंत करारनामे भिंतीतल्या खिळ्याला तारखेप्रमाणे टोचलेले असत. नवा कागद टोचताना त्याच तारखेचा जुना कागद बोटाला लागे. यंदा केवळरामनं एका बुडालेल्या पतसंस्थेच्या लिलावातून ड्रॉवरचं लोखंडी कपाट आणलं आणि सगळी गावं अक्षरानुक्रमे लावली. ऑफिस ऑफिससारखं दिसू लागलं. शेजारच्या कंपन्यांचे मॅनेजर येऊन बघून गेले. हिवरटोल्याचा कागद ह मध्ये पडला, आंबेटोल्याचा आ मध्ये. तारीख एकच, पण दोघांची गाठ पडायचं काही कारणच उरलं नाही. आज सकाळी केवळरामनं वरून शोधायला सुरुवात केली. आजच्या तारखेचा कागद पहिल्याच ड्रॉवरमध्ये सापडला. खालचे ड्रॉवर उघडायची गरज पडली नाही. मनातल्या मनात त्यानं स्वतःची पाठ थोपटली होती.

आता त्यानं मुखरू ड्रायव्हरला फोन लावला. "स्टेज सोड. हिवरटोल्याले आण."

"खांब गाडले ना, भाऊ!" मुखरू तिकडून ओरडला. "आता उपटले त मलेच गाडतीन थे. पोट्टे आतापासून बोऱ्या टाकून बसले."

मग त्यानं वडशातल्या एकेका कंपनीला फोन लावून पाहिला. हंगामात रिकामी कंपनी नसते. एका मॅनेजरनं तर उलट त्यालाच विचारलं, एखादा खलनायक उसना मिळेल का, आमचा तापानं पडला.

कोपऱ्यात मेकअपची पेटी मांडीवर घेऊन नटी करिष्मा गाडीची वाट पाहत होती. "पहिला अंक तिकडं करू, दुसरा यांच्याकडं," ती म्हणाली.

"मधात तीन तासाचा रस्ता हाये," केवळराम म्हणाला.

"मंग इंटरव्हल मोठा ठेवू."

कोणी हसलं नाही. सोमाजीला वाटत होतं, ट्रक चुकून तिकडं गेला, आता येईलच. तो कौतुकानं सांगत होता, "आमच्या गावात पहिल्यांदाच होऊन राह्यलं ना नाटक. दरसाल कंपन्या म्हणत, गाव लहान हाये. आता घरोघरी लेकी-जावई आले. माही मोठी लेक सिरोंच्याहून आली. तिचं लेकरू दुपारीच झोपवून ठेवलं, म्हटलं रातच्याले जागलं पाहिजे."

केवळरामनं सांगून टाकलं. कपाट, ड्रॉवर, आंबेटोला, सगळं. शेवटी म्हणाला, "दुसरी तारीख घ्या. तुमच्या मनानं घ्या. एक पैसा नाई घेत."

"जावई उद्या सकाळी चालले."

सोमाजी उठला. त्यानं सगळ्यात खालचा ड्रॉवर ओढला. आत त्याच्याच गावाचा कागद होता, दुसरा एकही नाही.

"म्हंजे आमचं गाव ह मधी हाये, म्हणून?"

"हो."

"तसं आमचं सारंच शेवटी येते. एस्टी आली शेवटी. लाईट शेवटी. नळ त अजून याचाच हाये. पण थे अक्षराच्या हिशोबानं येते, हे आज समजलं."

तो रागावून बोलला असता तर केवळरामला बरं वाटलं असतं.

"मंग गावाले सांगन कोण?" सोमाजीनं विचारलं.

"मी त नाई," दारातून प्रफुल म्हणाला. "मी फक्त गाडी चालवतो."

"मी बी नाई. मले अजून त्या गावात राहाचं हाये."

दोघांनी केवळरामकडे पाहिलं. केवळरामनं मागच्या दाराकडे पाहिलं. दार अडवून कपाट उभं होतं. जागा तेवढीच मिळाली होती.

"चला," तो म्हणाला. "मी येतो."

करिष्मानं पेटीचं झाकण उघडलं. "भाऊ, तोंड रंगवून देऊ काय? वळखू तरी नाई येणार."

गंमतच होती. तरी केवळराम क्षणभर थांबला. मग मान हलवून बाहेर पडला.

मोटारसायकलवर त्याला मधे बसवलं. पुढे प्रफुल, मागे सोमाजी. "मधी बरं राह्यते, भाऊ. पडत नाई कोणी," सोमाजी म्हणाला. प्रफुल किक मारणार तोच सोमाजीचा फोन वाजला. तिकडे मंडपात बाया-पोरांचा कालवा चालला होता. त्याच्या म्हातारीचा आवाज त्यातूनही खणखणीत आला, "अजी, निघाली काय कंपनी? लोकं इचारून राह्यले."

सोमाजीनं समोरच्या पाठीकडे पाहिलं. ओलसर शर्ट, मानेवर घाम.

"निघाली," तो म्हणाला. "घेऊनच येऊन राह्यलो."

फोन बंद करायच्या आधी तिकडच्या लाऊडस्पीकरवरून ती बातमी गावाला सांगितली गेली. मग शिट्ट्या, टाळ्या, आणि कोणीतरी वाजवलेला पत्र्याचा डबा.

केवळरामनं शर्टाचं वरचं बटण लावलं.