अठ्ठावीस-तीन

"जमालभाई, आत्ता घ्या सही," अकाउंट्समधला सलील कुजबुजला. "साहेब एवढे खूश परत सापडायचे नाहीत."

आखातातल्या कुरुममधल्या ऑफिसात सकाळचे सहा वाजले होते. कॉन्फरन्स रूमच्या मोठ्या पडद्यावर अमेरिकेतल्या फुटबॉलची फायनल चालू होती. तोच तो, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा खेळ. हॅरिससाहेबांचं लाडकं अटलांटा अठ्ठावीस, समोरचं न्यू इंग्लंड तीन. पन्नास वर्षांत अटलांटानं ही फायनल एकदाही जिंकली नव्हती. साहेबांचे वडील वाट बघता बघताच गेले. आज साहेब मांडीवर थापा मारत होते आणि पँट्रीतल्या जमालला चक्क 'माय फ्रेंड' म्हणत होते.

जमालच्या खिशात रजेचा फॉर्म होता. परवा खेडला अंबरीनचा निकाह, त्याच्या एकुलत्या एक मुलीचा. दुपारी दोनचं विमान. तिकीट काढलेलं होतं, पण पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, आणि साहेबांच्या सहीशिवाय तो कुणाच्या हाती पडत नसे. दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा 'पुढच्या आठवड्यात बघू'. आज तेच उत्तर आलं की खलास.

"जिंकू द्या ओ आधी," जमाल म्हणाला. "जिंकल्यावर सायब नाय म्हणेल काय?"

"आणि हरले तर?"

"तुमीच बोललात ना, फायनलात धा पॉइंटांच्या वर मागं पडून कोण जिंकलेला नाय?"

बोलला होता खरा. इतिहास तसाच होता.

तेवढ्यात साहेबांनी मागे वळून कॉफीचा मग पुढे केला. "जमाल, माय फ्रेंड! तुला काही हवंय का?"

जमालचा हात खिशापर्यंत गेला. "आफ्टर मॅच, सर," तो हसून म्हणाला आणि त्यानं कॉफी ओतली. सलीलनं कपाळाला हात लावला.

मग तीनचे नऊ झाले. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. नवाचे बारा, बाराचे वीस. अटलांटा अठ्ठाविसाला जे चिकटलं ते चिकटलंच. जमालला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आकडे कळत होते. साहेब उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. कॉफी मागणं बंद झालं. जमाल दाराशी उभा राहून दुआ मागत होता. अटलांटा नकाशात कुठे आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं. पोरीच्या परीक्षेलासुद्धा त्यानं एवढी दुआ मागितली नव्हती.

सात वाजता अठ्ठावीस-अठ्ठावीस. जादा वेळ लागला, तोही फायनलच्या इतिहासात पहिल्यांदाच. आणि चार-पाच मिनिटांत सगळं आटोपलं.

बघायला जमलेले एकेक करून आपापल्या टेबलाकडे सटकले. सलील जाताना जमालच्या खांद्याला नुसता हात लावून गेला. साहेब खुर्चीत तसेच. जमाल दोनदा पुढे झाला, दोनदा मागे आला. अकराला विमानतळावर पोचायचं होतं. शेवटी त्यानं फॉर्म काढला, तळहातानं सपाट केला आणि साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी तो वाचला. सावकाश, तारखेसकट.

"मघाशी मी स्वतःहून विचारलं होतं तुला. तेव्हा का नाही दिलास?"

जमालला खोटं सुचलं नाही. "तेव्हा तुम्ही खूश होतात, सर," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "मला वाटलं, आणखी खूश व्हाल."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. तिथं कागदी फुलांच्या पावसात दुसरेच कुणीतरी नाचत होते.

"मलाही तसंच वाटलं होतं," ते म्हणाले, आणि त्यांनी पेनासाठी हात पुढे केला.