नवव्या दिवशी

केतकीला महिन्याला खानावळीपुरते पैसे सुटतील अशी एक वेबसाइट काढायची होती. सकाळपासून तिने सहा कल्पना लिहिल्या, आणि 'भाकीत' या प्रोग्रॅमने सहाही वेळा तेच सांगितलं: लोक वापरतील, तुम्ही मात्र सोडून द्याल. जुन्या पुस्तकांची अदलाबदल बाराव्या दिवशी. गावी जाणाऱ्या गाड्यांतल्या रिकाम्या जागा सहाव्याच दिवशी.

"याला माझ्याबद्दल एवढं कसं कळतं?" हॉस्टेलच्या खोलीत येरझाऱ्या घालत ती म्हणाली.

"तूच त्याला तुझ्या पहिलीपासूनच्या वह्यांचे फोटो दिलेस. मला वह्यांचीही गरज नाही," तिची रूममेट शबाना टाका घालत म्हणाली. तिच्या हातातला उशीचा अभ्रा केतकीनेच भरायला घेतला होता आणि दोन पाकळ्यांनंतर टाकून दिला होता.

केतकी अभ्र्याकडे बघत थांबली. मग खाली बसून तिने सातवी कल्पना लिहिली: लोकांची अर्धवट राहिलेली कामं दुसऱ्याच्या हाती सोपवणारी वेबसाइट.

उत्तर लगेच आलं: 'लोक वापरतील. तुम्ही नवव्या दिवशी सोडाल. दहाव्या दिवसापासून शबाना मुजावर चालवतील.'

शबानाने ते वाचलं आणि दाताने दोरा तोडला.

"मग मला आजच शिकव," ती म्हणाली. "नवव्या दिवशी तू सांगायलाही थांबणार नाहीस."